शेपट्या जुळल्या

प्रिय ठकू,

बाळ फार लाथा मारतंय म्हणालीस. मारणारच, तुझंच आहे. तुझ्या वेळी मी प्रयोगशाळेत टेबलाला पोट टेकवून नळ्या भरायचे आणि तू आतून टेबल हलवायचीस. तू झालीस आणि मी ते काम सोडलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं, पण सोडू नकोस असंही कुणी म्हटलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. तुला वाढवताना मजाच आली.

गेल्या वर्षी तात्पुरत्या जागेवर पुन्हा रुजू झाले, तेव्हा बाबा म्हणाले, "जा बाई, नाहीतर घरातले डबे उगाच इकडचे तिकडे करत बसशील." आमची प्रमुख तुझ्याच वयाची. सगळे तिला छोट्या बाई म्हणतात. मला वाटलं, या मला बाटल्या धुवायलाच बसवणार.

काम मात्र झकास निघालं. एक औषधी प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचंय. पंचाईत अशी, की ते पूर्ण बनलं की बनवणारे जिवाणूच मरतात. म्हणून त्याचे दोन अर्धे वेगवेगळे बनवायचे आणि मग नळीत एकत्र करायचे. प्रत्येक अर्ध्याला इंटीन नावाच्या प्रथिनाची शेपटी जोडलेली असते. या दोन शेपट्या एकमेकींना शोधतात, गुंततात, मग स्वतःला कापून बाहेर पडतात आणि जाता जाता दोन्ही अर्धे सांधून देतात. ना कात्री, ना गोंद! बाबांना सांगितलं तर म्हणतात, "आपल्या गळक्या नळाला बसव की एक."

पण आमचे अर्धे ढिम्म. महिनोन् महिने नळीच्या तळाशी नुसता गाळ. काम गुंडाळायची भाषा सुरू झाली, छोट्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. शेवटी मी भीत भीत म्हटलं, "आपण चुकीच्या जागी तोडतोय का? प्रथिनाच्या घट्ट घडीच्या मधोमध तोडलं की अर्धे चुरगळतात. या सैल वळणावर तोडून बघू या?" त्यांनी प्रथिनाची आकृती जवळ ओढली. मग म्हणाल्या, "काकू, इतके दिवस गप्प का बसलात? करा की!"

केलं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारी जेलीसारखी चकती असते, लहान तुकडे खाली, मोठे वर. परवा तिच्यावर पाहिलं तर अर्ध्यांच्या खालच्या दोन पट्ट्या फिकटलेल्या आणि वर सांधलेल्या प्रथिनाची एक नवी, चांगली जाडजूड पट्टी! छोट्या बाई अशा किंचाळल्या, की शेजारच्या खोलीतले आग लागली समजून धावत आले. मी हातमोजे घालून तशीच रडत उभी. डोळे पुसायचीही सोय नव्हती.

आता खरं काय ते सांगते. पुढचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय, कायमच्या जागेवर. मी हो म्हटलंय. म्हणजे तू धरून चालली आहेस तशी सहा महिने मी तुझ्याकडे राहणार नाही. बाळ होईल तेव्हा मी तुझ्या उशाशी असेन, त्यात बदल नाही. महिनाभर राहीन आणि परत येईन. बाबा मात्र थांबतील. ते आपणहून म्हणाले, आणि सध्या उशीला लंगोट बांधायचा सराव चाललाय. उशीची अजून तरी तक्रार नाही. हे समोरासमोर सांगायला गेले असते तर तुझा चेहरा पाहून मी तिथल्या तिथे माघार घेतली असती. रागव, भांड, दोन दिवस अबोला धर हवं तर. पण राजा, या खेपेला तू मला सांग, सोडू नकोस म्हणून.

तुझीच, कामाला लागलेली,
आई