नारोची वाडी ऊर्फ पल्याड

ता. २ डिसेंबर १९२९
मोजणीचा कारकून आजही आला नाही. तीन दिवस धुतलेला सदरा घालून बसलोय. बायको म्हणते, "अवो, सदऱ्याला तरी इसावा द्या." हसू दे. सरकारी कागदावर एकदा ‘नारोची वाडी’ लिहिलं गेलं की वाडीला शाळा मागता येईल. तोवर आम्ही खाडीपलीकडच्या मोठ्या गावाचं शेपूट. पोरं ओहोटी बघून शाळेला जातात, भरतीला तिकडेच अडकतात. मीही तसाच शिकलो, म्हणजे अर्धामुर्धा.

ता. ३
उधाणानं बांधाला खांड पाडली. खारं पाणी शेतात. बाया-पुरुष सगळे चिखलाच्या पाट्या घेऊन धावलो. घरी फक्त आई. निघताना तिला सांगितलं, कारकून आला तर वाडीचं नाव सांग.
तो नेमका आजच आला नि गेला. आई म्हणाली, "मना इचारलं, गावाचं नाव काय? मी सांगलं, आमचं पल्याड."
त्यानं ‘पल्याड’ लिहिलं.

ता. ५
दोन दिवस आईशी बोललो नाही. आज बोललो ते ओरडूनच.
"सासऱ्याचं नाव कसं घेवाचं रं?"
दाराशी एवढे माड, पण आईनं जन्मात ‘नारळ’ म्हटलेलं नाही. नारो जिभेवर येईल म्हणून. ‘माडावरचं’ म्हणते. मला हे लहानपणापासून ठाऊक. तरी निरोप तिच्याकडेच ठेवला. शिकलेला गाढव मी.
मोठ्या गावचे पाटील कारकुनाशेजारी उभे होते म्हणे. त्यांना नाव ठाऊक नव्हतं? पान चघळत राहिले.

ता. ९
पाटलांकडे गेलो. "म्हातारीनं सांगलं, त्यानं लिवलं. मी कशाला मधी बोलू?" वर चहा पाजला. प्यालो. याचीच लाज वाटते.
वाडी सुटी झाली तर त्यांच्या हाकेला धावणारी माणसं जातील, एवढंच दुखणं.

ता. १४ फेब्रुवारी १९३०
कचेरीत अर्ज घेऊन गेलो. म्हणतात, वाडीचा इतिहास लिहून द्या, पुराव्यासह.
काय लिहू? आजोबा नारो विहिरीच्या पाण्यावरून मोठ्या गावाशी भांडले, खाडी ओलांडून आले. चिखलात खुंट ठोकले, बांध घातला. पहिली वर्षं भात नाही, नुसतं मीठ वर यायचं. आजी बांधावरच बाळंत झाली, तिथेच गेली. मग एकेक घर आलं... चार ओळींत संपला इतिहास.
पुरावा म्हणून बांध दाखवा म्हटलं. कचेरीतला कारकून हसला. "बांधावर नाव लिहिलंय का?"

नारळी पौर्णिमा
खाडीत सोडायला आईनं माझ्याकडे हात पुढे केला. "माडावरचं दे."
म्हटलं, "नाव घे, मग देतो."
बायको माझ्याकडे बघतच राहिली. आई रिकाम्या हातानं बांधावर जाऊन हात जोडून आली.
हे मी केलं. लिहून ठेवतो, म्हणजे विसरायची सोय राहणार नाही.

ता. २० ऑक्टोबर
उत्तर आलं. सदर नावाची वाडी दप्तरी नाही. ‘पल्याड’ ही मूळ गावाचीच वस्ती, स्वतंत्र शाळेचा प्रश्न उद्भवत नाही. शेवटी बारीक अक्षरात, फेरचौकशीस माणूस येईल. आमचे अर्धे लोक म्हणाले, येऊन काय करणार! मीही मनात तेच म्हणालो.

ता. ११ जानेवारी १९३१
तोच मोजणीचा कारकून, तेच पाटील. सगळी वाडी ओटीसमोर.
"नारोची वाडी नि पल्याड एकच, हे कशावरून?"
मी बोलायच्या आत आई उठली. पदर पार कपाळावर ओढला.
"नारो. माज्या सासऱ्याचं नाव नारो. त्यांची ही वाडी."
बायांनी माना खाली घातल्या. पाटील खाकरले. कारकून म्हणाला, शाईनं लिहिलेलं मला खोडता येत नाही. मग ‘पल्याड’च्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, वर कळवतो म्हणाला.
आई दिवसभर जेवली नाही. बायकोनं ताट दोनदा नेलं, दोनदा परत आणलं.

ता. २६ मार्च
कचेरीचं उत्तर नाही. पोरं ओहोटीची वाट बघत काठावर बसलेली दिसतात.
आईला चार दिवस ताप. आज डोळे उघडून म्हणाली, "माडावरचं दे थोडं, पानी." लगेच फोडून दिलं.
दोन घोट घेतले. म्हणाली, "लिवलं का रं त्यानं?"
"लिहिलं," मी म्हणालो.
पेन्सिलीचं सांगितलं नाही.