सिस्टर बेनेडिक्टांचं ‘क्वाइट गुड’

घोडबंदर रोड, ठाणे
रविवार

तीर्थरूप शकूताईस,

नयनचा वाकून नमस्कार. (तुझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून दोघींच्या वाटणीचं मीच वाकते.) कल्याणला सगळे खुशाल ना? भावजींचा खोकला थांबला का?

इथे सूनबाई चार दिवस माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलते आहे. झालं असं, की श्रावण संपायच्या आत दक्षताने तुझ्या-माझ्या आईच्या वहीत बघून निनाव केलं, आपल्याकडचं ते श्रावणातलं भाजलेलं गोड. मोहने गावची पोर, लग्नाआधी हा पदार्थ तिने पाहिलाही नव्हता. नारळाचं दूध काढलं, बेसन भाजताना हात पोळून घेतला. पहिला घास घेतला आणि ताई, आई आपल्यासाठी ठेवायची तो कडेचा करपलेला तुकडाच जिभेवर आला गं. दक्षताने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि म्हणाली, “आई, तुम्ही इंग्लिशमध्ये लिहा ना दोन शब्द.” मी डोळे पुसत लिहिलं, ‘क्वाइट गुड’.

तुला कळलं असेल. सिस्टर बेनेडिक्टांच्या वर्गात ‘व्हेरी’ म्हणणं म्हणजे भर बाजारात ओरडणं! दहा वर्षांत त्यांनी मला एकदाच ‘क्वाइट गुड’ दिलं, तर आईने पेढे वाटले होते. इथे ग्रुपवर मात्र पाचपैकी पाच चांदण्या नसल्या तर सगळं नापास. तिसऱ्या मजल्यावरच्या समीक्षाने रडका चेहरा पाठवला, “आंटी, एवढं बिघडलं?” आमचा केतन म्हणाला, “आई, क्वाइट म्हणजे ‘चालेल, पण पुन्हा नको’.” मी घाईघाईने दुरुस्ती केली, ‘रादर गुड’. त्यावर तीन शेजारणींनी दक्षताला सांत्वनाचे फोन केले.

खरं सांगू? तोंडावर कौतुक करायला मला जमतच नाही. तू लग्नाच्या शालूत कशी दिसत होतीस, तेही मी कधी बोलले नाही.

तुझी धाकटी,
नयन

ता. क. : पत्राचं खरं कारण. पुढच्या रविवारी ये. “निनाव पुन्हा करणार नाही” असं दक्षता त्याच दिवशी म्हणाली, पण तुझ्यासाठी करेल. पहिल्याच घासाला तुझ्या त्या खणखणीत आवाजात ‘झक्कास’ म्हण. मी मागून मान हलवीन.

ता. क. २ : पत्र पेटीत टाकायला दक्षताकडे दिलं, तर तिने उघडून वाचलं (आपल्या वेळी असलं चालायचं नाही) आणि खाली पेन्सिलीने शेरा मारला, ‘क्वाइट गुड, आई.’ आत्ता ती नारळ खवते आहे. तू सावकाश ये; कडेचा तुकडा मात्र शिल्लक राहील, अशी आशा धरू नकोस.