हवा वाढवा

शनिवार, ता. ८ जानेवारी १९४४, खालापूर

खोपोलीहून आलं ते: इंजिनाचं तेल एक डबा, रु. २-८-०. वापरलेला टायर एक, रु. २२ (नवा बघायलाही मिळत नाही). ट्यूबची ठिगळं ०-१०-०. बोटभर पितळी नळी ०-६-०. सुतळीचं बिंडल ०-४-०. घरचं म्हणाल तर गूळ, तीळ, समईचं तेल मिळून रु. १-१४-०. तीळ यंदा कमीच.

सगळा खर्च मोटारीच्या पोटात. एका वकिलांनी आम्हाला विकली तेव्हा बसायची गाडी होती. मागची बैठक कापून यांनी लाकडी हौदा बसवला, आता ती ना धड मोटार ना धड लॉरी. गवताच्या गाठी पनवेल बंदरात पोचवते एवढं खरं. पण कुपनांवर मिळणारं पेट्रोल महिना सरायच्या आत संपतं. मग गाठी खळ्यात आणि गाडी दारात.

हे म्हणाले, "असंच चाललं तर ही विकून देवळालीला जातो. लष्कराच्या डेपोत ड्रायव्हर घेताहेत." चहा पिता पिता म्हणाले. चहात साखर घालायची राहिली होती, ते त्यांना कळलंही नाही.

मंगळवार, ता. ११

महादू खोपोलीच्या बाजाराला गेला होता. गाडीवर गाठी चढवतो तो हाच, खालच्या वाडीचा. त्याला सांगितलं होतं, मोटारी दुरुस्त करणाऱ्या करीमभाई उस्तादाला विचारून ये, पेट्रोल कमी लागावं म्हणून काय करायचं.

आला तो हसत. "वैनी, उस्ताद बसच्या खाली झोपलेला. निसते पाय दिसत व्हते. आतूनच बोलला, हवा वाढवा. मंग कमी खाईल."

"आणि काय म्हणाला?"

"आनि नाय काय. पाना द्या बोलला, तो मी दिला."

हे म्हणाले, इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. दोघे संध्याकाळपर्यंत पंप मारत होते. हे थकले की महादू, महादू थकला की हे. चाकं दगडासारखी झाली. सासूबाईंनी काठीने वाजवून पाहिलं, म्हणाल्या, "नगारा झालाय. आता आरतीला घ्या."

शनिवार, ता. १५

संक्रांत झाली. तिळगूळ पुरला, शेवटच्या दोघींना वडी अर्धी अर्धी.

पनवेलची खेप. पेट्रोल थोडं वाचलं म्हणतात. हे खुशीत, पण दंड धरलेले. खडी आली की गाडी उडते, चक्र हातात ठरत नाही, मोठ्या रस्त्यावर डावीकडे ओढतेच आहे, वर आता नाचतेही. तिळाचं तेल कोमट करून चोळलं.

गाठींची मागची रांग धुराने काळी झालेली. बंदरावरचा व्यापारी कुरकुरला. मी म्हटलं, मागे गोणपाट बांधा. धूर कशाने येतो हे माझ्या मनात आलं नाही. जुनी गाडी आहे, खोकणारच, असं धरून चालले.

बुधवार, ता. १९

सगळे सुखरूप आहेत हे आधी लिहिते.

चौक गावाच्या अलीकडच्या वळणावर गाडीचा मागचा भाग घसरला. गाठी उंच रचलेल्या, चाकं टणक, त्यात रस्त्यावर बारीक खडी. गाडी अर्धी चरात, गाठी शेतात. यांचं कोपर सोललं. महादू म्हणतो, "मी उडी मारली नाय वैनी, मी उडालो." आणि स्वतःच हसतो. खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावू देईना. "तुमी देवाची मानसं, माझे पाय काय शिवता." शेवटी सासूबाईंनी दरडावलं तेव्हा पाय पुढे केला.

हे जेवले नाहीत. ओटीवर बसून होते. "गाडीचं वय झालं," एवढंच.

रामरक्षा म्हटली. मध्येच विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

शनिवार, ता. २२

बैल लावून गाडी चरातून ओढून घरी आणली. पनवेलचे शेटजी ती बघायला आले. गवताचेच व्यापारी. चाकाला लाथ मारून बघतात. माणसाने माणसाला तशी मारली असती तर भांडण झालं असतं.

सौदा ठरला. देवापुढे सुपारी ठेवली, गूळ वाटला. माघी पौर्णिमेनंतरच्या बुधवारी गाडी न्यायची. हे म्हणाले, "शब्द दिला." सासूबाई आतून म्हणाल्या, "दिला म्हणजे दिला."

देवळालीला पत्र गेलं. पगार चांगला आहे. मी वजाबाकी करून पाहिली, दोन चुली धरूनसुद्धा परवडतं. परवडत नाही असं निघेल म्हणून तीच वजाबाकी पुन्हा केली.

शनिवार, ता. २९. माघी चतुर्थी

महडला गणपतीला जाऊन आलो, पायीच. गर्दी मायंदाळ. यांनी देवळाबाहेर उभं राहून रस्त्याने जाणाऱ्या लॉऱ्या पाहिल्या.

देवापुढे उभी राहिले आणि काय मागावं ते कळेना. यांना नोकरी लागू नये असं मागायचं म्हणजे पाप. गाडीला पेट्रोल कमी लागो हे गजाननाला सांगायचं म्हणजेही कसंसंच. दूर्वा वाहिल्या, तुला दिसतं आहे म्हटलं, आणि मागच्या बाईने ढकललं म्हणून पुढे झाले.

सोमवार, ता. ३१

हे गेले. कर्जतपर्यंत बैलगाडीने, पुढे आगगाडी. बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दोन घोंगड्या. निघताना मोटारीच्या टपावर हात ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. मला म्हणाले, "सुपारी सांभाळ." हसू आलं की रडू ते

(दूध उतू गेलं, उठावं लागलं.)

शुक्रवार, ता. ४ फेब्रुवारी

करीमभाई उस्ताद आले. खालापुरात कोणाची तरी मोटार बंद पडली होती, ती उघडून येताना पाणी प्यायला थांबले. गाडीकडे पाहिलं, वाकले, चाक अंगठ्याने दाबलं.

"वहिनी, ह्यात एवढी हवा कुणी भरली?"

"तुम्हीच निरोप दिलात ना, हवा वाढवा म्हणून."

"मी? कवा?"

महादूला हाक मारली. तो म्हणाला, "बसच्या खालून बोलला व्हता की रं उस्ताद. मी पाना दिला बघ."

उस्ताद ओटीच्या पायरीवर बसले, टोपी काढली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वळणावर काय झालं ते मी सांगितलं तेव्हा टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"अरे चाकाची नाय रे बाबा. इंजिनची हवा. आत पेट्रोल जातं त्याच्याबरोबर हवा जाते. ती कमी पडली म्हणून धूर मारते." मला म्हणाले, "स्टोव्ह काजळी कधी धरतो, वहिनी?"

हे तर मला माहीत होतं. पाच वर्षं स्टोव्ह पेटवते आहे. गाठी काळ्या झाल्या हे ऐकलं आणि गोणपाट बांधायला सांगितलं.

महादू कानाची पाळी धरून उभा. सासूबाई म्हणाल्या, "हवा एकच शब्द, त्याला तो तरी काय करील. आम्हीही इथे हवा खायला बसतो." उस्ताद म्हणाले, रविवारी येतो, गाडी बघूनच देऊ, मग ती शेटजी नेवोत नाहीतर कोणी.

रविवार, ता. ६

आजचं सविस्तर लिहिते.

उस्ताद सकाळीच आले. म्हणाले, आधी ती किती खाते ते बघू. पेट्रोलच्या टाकीची नळी काढली, एक बाटली भरून तिची नळी इंजिनाला जोडली. बाटली कोणीतरी उंच धरून बसायला हवं. महादू तयार होईना (चरात गेल्यापासून तो पुढे बसत नाही). सासूबाई म्हणाल्या, "तू बस. हिशेब तूच लिहिणार."

यांच्या शेजारी मी कधी बसले नाही. हौद्यात, गाठींवर, तेही महडपर्यंत. आज लुगडं आवरून पुढे बसले, हातात बाटली, जशी काही गंगाजळाची. पोस्टाच्या दारातल्या बायका बघत राहिल्या. एक म्हणाली, "अगं, ही औषध घेऊन कुठे चालली?"

बाटली रस्त्याखालच्या पहिल्या मोरीपाशी संपली. गाडी जागच्या जागी थांबली.

परत आणून उस्तादांनी इंजिनाच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवला. थोडा, मग आणखी थोडा, कान लावून. आवाज बदलला. घोगरा होता तो मोकळा झाला. मागचा धूर काळ्याचा करडा, मग दिसेनासाच.

मग म्हणाले, सुतळी द्या. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरली, दोन्ही बाजूंनी. पुढची दोन चाकं एकमेकांकडे बघत नव्हती, एक रस्त्याकडे आणि एक शेताकडे. "ही रोज फरफटत चालते, वहिनी. म्हणून ओढते, म्हणून टायर झिजतो, म्हणून पेट्रोल जळतं." खालच्या दांड्याचा नट फिरवून सुतळी दोन्हीकडे सारखी टेकेपर्यंत चाकं वळवली. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीचं एक पातं तुटलेलं निघालं, ते तात्पुरतं पट्टी मारून आवळलं. चाकांतली हवा सोडली. बराच वेळ सुस् सुस् चाललं होतं. महादू म्हणाला, "आमची संक्रांत गेली बगा."

पुन्हा बाटली, पुन्हा मी. मोरी गेली. दुसरी मोरी गेली. पुढच्या वळणावरचा वड आला आणि गेला, तेव्हा बाटलीत तळाला राहिलेलं डुचमळत होतं. सरळ रस्त्यावर उस्तादांनी दोन्ही हात चक्रावरून उचलून धरले. मी डोळे मिटले. उघडले तर गाडी आपली सरळ चाललेली.

पैसे विचारले तर फक्त पट्टीचे घेतले. बाकीचं मालक घरी आले की बघू म्हणाले. हे घरी येणार असं त्यांनी कसं धरलं कोण जाणे.

मंगळवार, ता. ८

उस्तादांना पनवेलला सामान आणायचं होतं, तेव्हा त्यांनीच आपल्या गाठी नेल्या. महादू बरोबर, पुढे बसून. गाठी या वेळी बुटक्या रचल्या, जड त्या पुढे, वर ताडपत्री घट्ट. पनवेल करून आले आणि टाकीत काठी बुडवून पाहिली तर एवढं शिल्लक की मी काठी पुसून पुन्हा बुडवली. या बेताने कुपनं महिनाभर पुरतील. मागची रांग बंदरापर्यंत पिवळीधमक राहिली, महादू सांगतो.

महादूला सांगून ठेवलं होतं, शेटजींचा कानोसा घे. ते म्हणाले म्हणे, "मालकानं ठरल्या बुधवारच्या आत समक्ष येऊन सांगितलं तर सुपारी परत घेईन, राग नाही. बाईमाणसाच्या निरोपावर सौदा मोडायचा नाही." रागावले नव्हते, पान खात होते, असं महादू सांगतो.

संध्याकाळच्या टपालाने यांचं कार्ड. थंडी फार. डाळ पातळ. बाकी सगळं लष्करी लॉऱ्यांबद्दल: नव्या कोऱ्या आहेत, एका बोटाने चक्र फिरतं, सरळ रस्त्यावर सोडून दिली तरी रेषा सोडत नाही, आयुष्यात अशी गाडी हातात आली नव्हती. दोनदा लिहिलं आहे. घरचं विचारलं आहे शेवटच्या ओळीत.

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "रमला गं तो." मग थोड्या वेळाने, "लिही तू त्याला. पण ये म्हणू नकोस. आपण ये म्हटलं म्हणून आला तर उद्या गाडी बिघडली की आपल्याकडे बघेल."

बुधवार, ता. ९. माघी पौर्णिमा

पूजा, नैवेद्य. मग कार्ड लिहायला बसले. एक वाया गेलं, त्यात नको ते उतरलं. दुसरं पेटीत टाकलं, त्याची नक्कल:

"सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम. ती. सासूबाईंचा खोकला कमी आहे. उस्तादांचा निरोप चाकाच्या हवेचा नव्हता, इंजिनाच्या हवेचा होता. त्यांनी ती स्वतः येऊन वाढवली, चाकंही सुतळी लावून सरळ केली. काल पनवेल करून पेट्रोल शिल्लक राहिलं, धूर नाही. आपलीही आता सरळ रस्त्यावर हात सोडले तरी रेषा सोडत नाही, मी पुढे बसून पाहिलं आहे. शेटजी येत्या बुधवारी, ता. १६ला, गाडी न्यायला येतील. आपण त्याआधी समक्ष भेटलात तर ते सौदा सोडायला राजी आहेत, एरवी नाही. न भेटलात तर मी सुपारीच्या शब्दाप्रमाणे गाडी त्यांच्या हवाली करीन, त्यात माझ्याकडून कुचराई होणार नाही. तिथल्या लॉऱ्या चांगल्या आहेत हे वाचून बरं वाटलं. आपला विचार काय तो उलट टपाली कळवावा."