ओनो साहेबांचं समुद्राखालचं गाव

प्रिय ओनो साहेब,

तुमचं गाव बघणं मला केवढ्याला पडलं, ते आधी सांगतो. तिकीट धरत नाही. व्हिसासाठी तीन खेपा. जुफैरच्या एका हॉटेलचं पंपांचं काम, जे मी नसताना दुसऱ्याने उचललं. मेव्हण्याची वास्तुशांत बुडवली म्हणून सुनंदाचा नऊ दिवस अबोला. तुमच्या चर्चच्या चढावर उजवा गुडघा. आणि तुम्ही. तुम्ही सगळ्यांत महाग पडलात साहेब, कारण चार वर्षं तुम्ही बोलावत होतात आणि मी फोनवर नुसतं ‘इंशाल्ला, इंशाल्ला’ करत राहिलो. शेवटी आलो तेव्हा दार तुमच्या भाचीने उघडलं.

परवा बहरीनला परतलो. आज शुक्रवार, हूऱ्यातलं माझं पंपदुरुस्तीचं दुकान बंद. टेबलावर एक कागद पडलाय. माझा धाकटा भाऊ वसंता, त्याने गावाहून पाठवलेला. आमचा खार, म्हणजे खाडीकाठची भातजमीन, कोळंबीच्या तळ्यासाठी विकायची आहे. गेल्या पावसाळ्यात उधाणाने बांध फोडला, खारं पाणी शेतात शिरलं, ते अजून आत-बाहेर करतंय. उद्यापर्यंत सही करून पाठव, म्हणतो. सही करायच्या आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. म्हणून लिहायला बसलो.

मराठी तुम्हाला येत नाही, माहीत आहे. पण जर्मन मला येत नाही, आणि आपण दोघं बोलायचो ती हिंदी, इंग्रजी आणि अरबीची भेळ कागदावर शोभणार नाही. तुमच्या बाजूला आता कोणी मराठी माणूस असेलच की! आम्ही कुठे नाही?

पहिली भेट आठवते? तुमच्या पंपांच्या कंपनीत मी ड्रायव्हर म्हणून नवा होतो. तुम्ही व्हॅनमध्ये बसलात आणि म्हणालात, “मॉइन!” मला वाटलं, साहेबाला ‘मोहन’ म्हणता येत नाही. बिचाऱ्याची जीभच तशी असेल. तीन महिने मी तुमच्या ‘मॉइन’ला ‘येस सर’ म्हणत राहिलो. मग एके दिवशी तुम्ही पठाण वेल्डरलाही मॉइन म्हणालात. नंतर वॉचमनला. नंतर गेटवरच्या मांजराला! माझं डोकंच फिरलं. “साहेब, मांजराला माझ्या नावाने हाक मारता?” तुम्ही हसून हसून खुर्चीवरून घसरलात. तुमच्या गावात तो रामराम आहे, सकाळ-संध्याकाळ चालणारा, हे तेव्हा कळलं. पण त्या दिवसापासून मांजराचं नाव मोहन पडलं, ते काही गेलं नाही.

माझ्या कानांचा शोधही तुम्हीच लावलात. व्हॅनमध्ये बसल्या बसल्या मी म्हटलं होतं, “साहेब, तीन नंबरचा पंप खोकतोय.” दुसऱ्या कोणी हाकलून दिलं असतं. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावलीत, टोक बेअरिंगवर टेकवलंत आणि म्हणालात, “अब बोल, किदर?” त्या एका ‘किदर’वर मी माझं आयुष्य उभं केलं. आज बहरीनमध्ये निदान चाळीस इमारतींचं पाणी माझ्या कानावर चालतं.

पण साहेब, तुमच्या एका गोष्टीवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. “मेरा गाँव समंदर के नीचे है,” असं तुम्ही म्हणायचात. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, “साहेब, आज जरा कमी घ्या.” सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. बाब अल बहरीनच्या जुन्या वेशीसमोर उभे राहून तुम्ही मला दाखवलं होतं, की इथे दारापर्यंत लाटा यायच्या, पुढचं सगळं भर टाकून केलंय. तेवढं मला पटलं. समुद्र मागे ढकलता येतो, ठीक. पण समुद्राच्या खाली राहणं? माणूस काय मासा आहे?

बसमधून उतरलो आणि ड्रायव्हर म्हणाला, “मॉइन.” पावाच्या दुकानातली बाई म्हणाली, “मॉइन.” सायकलवरून एक चिमुरडी गेली, तीही तेच! मला अर्थ माहीत होता, तरी दर वेळी मान वळली. सांगा बरं, आयुष्यात कधी न पाहिलेल्या गावाने पहिल्याच दिवशी नावाने हाक मारलेला माणूस तुम्ही पाहिलाय?

तुमची भाची वीबके मला सगळीकडे घेऊन हिंडली. गाव केवढं? कोपऱ्यावरच्या पाट्यांसकट अर्ध्या तासात संपलं. सगळं सपाट, आणि मधोमध एक टेकाड, त्यावर चर्च आणि जुनी घरं. मी म्हटलं, बरं झालं, देवाने एक टेकडी तरी दिली. वीबके म्हणाली, “देवाने नाही. ही टेकडी माणसांनी केली.” बांध नव्हते तेव्हा लोक चिखल आणि शेण आणून टाकायचे, त्यावर घर बांधायचे. पाणी आणखी चढलं की पुन्हा थर, पुन्हा घर. शेकडो वर्षं! मी ज्यावर चालत होतो ती कुणाच्या तरी गोठ्यातली घाण होती, ओनो साहेब, आणि त्यावर देऊळ उभं होतं. माझी मान आपोआप खाली गेली.

चर्चच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा होत्या. सगळ्यांत वरची माझ्या कपाळाच्या वर. म्हणजे टेकाड चढून वर आल्यावरही! छताला एक लाकडी जहाज टांगलेलं होतं. समुद्राने एवढा छळ केला, तरी त्याचं खेळणं देवासमोर टांगून ठेवणारी माणसं तुमची.

मग बांध. भरतीची वेळ होती. वर चढलो आणि बोलायचाच थांबलो. सुनंदाला विचारा, हे किती दुर्मीळ आहे ते. उजव्या हाताला पाणी, जवळ, भरलेलं. डाव्या हाताला गाई, खूप खाली. एका कानात समुद्र, दुसऱ्या कानात गाईंच्या गवत तोडण्याचा आवाज. समुद्र वर आणि गाई खाली! मध्ये मी आणि मातीची एक भिंत, आणि भिंतीवर मेंढ्या. मेंढ्या कशाला, विचारलं. वीबके म्हणाली, त्या गवत आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबतात. मेंढ्यासुद्धा कामावर! मी तिथेच तुमची माफी मागितली. मराठीत, मोठ्याने. एका मेंढीने वर पाहिलं.

पुढे एक दरवाजा होता, शेतातलं पाणी समुद्रात सोडायचा. तो मात्र मी बघताक्षणी ओळखला. आमची उघाडी! आमच्या खाडीवर अगदी अशीच असते. भरती आली की पाणीच दार लावून घेतं, ओहोटीला तेच उघडतं. तुम्हाला हे मी वीस वर्षांत कधी सांगितलं का नाही? मलाच आठवलं नव्हतं. तुमच्याकडून पाण्याचं काम शिकलो असं मी जगाला सांगत राहिलो, आणि माझे आजोबा लंगोटी लावून तेच करत होते.

शेजारच्या पंपघरात तीन म्हातारे कॉफी पीत होते. त्यांनी आत घेतलं. मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला, कानाला लावला आणि म्हटलं, दोन नंबरचं मागचं बेअरिंग बदला. ते चमकले. दोन दिवसांपूर्वीच त्यांनीही तेच ठरवलं होतं. वीबकेने सांगितलं, की हा ओनोचा माणूस. मग माझ्या अंगात वारं शिरलं. “आमच्याकडेही बांध आहे,” मी म्हटलं. “खाडीचा निम्मा बांध आमच्या घराण्याचा!” वीबकेने भाषांतर केलं. तिघांनी कप खाली ठेवले आणि माझ्याकडे अशा आदराने पाहिलं, की मला आणखी दोन कप कॉफी प्यावी लागली.

परतताना वीबकेने जुना रिवाज सांगितला. बांधाचा ज्याचा त्याचा तुकडा ठरलेला. ज्याला आपला तुकडा राखणं झेपायचं नाही, तो त्यात आपलं फावडं रोवायचा आणि बायकापोरांना घेऊन गाव सोडायचा. जमीन, घर, सगळं तिथेच. जो कोणी ते फावडं उपटेल, जमीन त्याची. पण बांधही त्याचाच.

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? की सांगितलं होतंत, आणि मी तेव्हाही ‘जरा कमी घ्या’ म्हणालो होतो?

तुम्हाला भेटलो. टेकाडावर, चर्चच्या मागे. दगडावर फक्त नाव. गावातल्या सगळ्यांत उंच मातीत तुम्ही आहात. “मॉइन,” म्हटलं.

आज कागद समोर घेतला आणि मला त्यात कोळंबी दिसेना. आमच्या बांधात रोवलेलं फावडं दिसायला लागलं. वसंताला फोन लावला.

“सही झाली का रं दादा?”

“नाही. बांधाला खांड किती मोठी पडलीय?”

“बैलगाडी जाईल येवरी. का?”

“बुजेल?”

“बुजंल. पन बुजवनार कोन? घरटी एक मानूस निघायचा त्ये दिस गेलं. आता घरटी एक मोबाईल हाय.”

“मी येतो.”

“तू?” तो एवढा हसला की त्याची बायको काय झालं म्हणून विचारायला आली. “दादा, पावडं कुठल्या बाजूनं धरतात, ठाव हाय का? पंप न्हाय तो, कानाला लावून भागायचं न्हाय!”

“शिकव तू.”

तो हळूच म्हणाला, “कोलबीवाल्याला काय सांगू?”

“खलास सांग.”

“म्हंजी?”

“म्हणजे नाही.”

“ये तर मग,” म्हणाला. “पन भांगाचं दिस बघून ये, भरती मवाळ असते तवा. आनि गुडघ्याचं मलम आन. मलाबी लागंल.”

तर ओनो साहेब, कागद फाडलाय. पावसाच्या आधी भांगाचे दिवस बघून मी गावी जाणार, आणि ती खांड बुजेपर्यंत तिकडेच राहणार. दुकान सुनंदा बघेल, तिने आजच कबूल केलंय. उशीर मी एकदा केला. तुमच्या बाबतीत. पुन्हा करणार नाही, शब्द देतो. आणि या वेळी इंशाल्ला म्हणत नाही.

तुमचा,
मोहन (माणूस, मांजर नव्हे)

ता. क. वसंता आत्ता बांधावर जाऊन आला. आमच्या वाट्याचा बांध निम्मा नाही, एकवीस पावलं आहे.