एका पोत्यातले पाच हरभरे

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि भाओजींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इथे मी सोडून सगळे खुशाल.

सासरेबुवा मोतीबिंदू काढायला गेले आणि धान्याचं दुकान माझ्या गळ्यात घालून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "जावईबापू, वजन करा, पुडी बांधा, ज्ञान देऊ नका." दुकान पुढे माझ्याकडे राहायचं की साडूकडे जायचं, हे ते आल्यावर ठरणार. (साडूला हरभरा आणि वाटाणा ओळखायला सांग एकदा. जाऊ दे.) आणि मला तर तू लहानपणीच 'आमचा धाकटा फार हुशार' म्हणत हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस, तो मी अजून उतरलेलो नाही.

तर कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी सहज विचारलं, याला हरभरा का म्हणतात हो? झालं! मी सांगितलं, संस्कृतात याला हरिमंथही म्हणत; हरि म्हणजे घोडा, तेव्हा हा मूळचा घोड्यांचा खाऊ असावा. बाईंनी बांधलेली पुडी परत ठेवली. ते निस्तरायला मी बाकीची नावं काढली. लॅटिनमध्ये किकेर, इराणात नखुद, अरबांकडे हुम्मुस. जर्मनांच्या नावात खुदुखुदु हसणं ऐकू येतं (इंग्रजांच्या नावात कोंबडीचं पिल्लू), पण दोन्ही नुसते भास, मूळ तेच किकेर. एवढी विद्या वाया जाऊ नये म्हणून मी एकच पोतं पाच डब्यांत ओतलं आणि त्यांवर हरभरा, किकेर, नखुद, हुम्मुस, जर्मन अशी एकेक नावं रंगवली.

आता समोरचा रंगारी म्हणतो, नखुद पोटाला हलका. शिंपीणबाई फक्त जर्मन नेतात. घरात हसणं-खेळणं वाढलंय म्हणे. साध्या 'हरभरा' डब्याला कुत्रं विचारत नाही (घोडा तर नाहीच). दाणा एकच आहे असं मी शपथेवर सांगतो, तर लोक मलाच डोळा मारतात. सासरेबुवा उद्या येतायत, आणि आता त्यांना लांबचंही वाचता येतं. डबे पोत्यात रिकामे करायला गेलो, तर शिंपीणबाई "मिसळाल तर याद राखा!" म्हणून दारात उभ्या.

तुझा,
झाडावरचा धाकटा

ता. क. : उद्या सकाळीच इथे येऊन बस. तुझ्यासमोर ते ओरडत नाहीत.

ता. क. दुसरा : येऊ नकोस. पत्र पाकिटात घालतोय तोच सासरेबुवा आजच हजर. डबे एकेक करून वाचले, पोत्यात डोकावले, आणि म्हणाले, "दुकान तुम्हीच बघा. माझ्यापुरता नखुद बांधा, डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय."

ता. क. तिसरा : नखुद संपलाय. शेजारच्या डब्यातून भरायला माझाच हात धजत नाही.