सत्तावीस तारखेची भेट

मी, हनुमंत कोंडिबा निगडे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त आरोग्य सेवक, राहणार भोंगवली, तालुका भोर, जिल्हा पुणे, माझे हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. साखर आहे, पण ती अजून डोक्यात गेलेली नाही. कोणाचा धाक नाही. असता तर हे लिखाण सतरा वर्षांपूर्वीच झाले असते.

१. भोंगवलीचे राहते घर माझ्या पश्चात पत्नी सौ. सुलक्षणा हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर चिरंजीव गोरख याचे. ती असेपर्यंत गोरखने घर विकायचा विषय काढू नये. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या ती विसरते, त्याकडे लक्ष द्यावे.

२. विहिरीकडची बारा गुंठे जमीन गोरख व कन्या स्नेहल यांना समान. स्नेहल पुण्यात खासगी दवाखान्यात नर्स आहे. वेल्ह्यात (आता राजगड तालुका म्हणतात, माझी नोकरी वेल्ह्यातच झाली) तिला कंत्राटी जागा मिळत होती, ती तिने नाकारली. मी तिला नको नको ते बोललो. ती म्हणाली, "आबा, तिघींचं काम एकीवर पडलं की माणूस काय करून बसतं, ते तुमी मला नका सांगू." तिला काही ठाऊक नव्हते, सहज बोलली. दोन वर्षे ती घरी आली नाही. स्नेहल, तुझे बरोबर होते. तिकडे जे वाट बघत होते त्यांचेही बरोबर होते. ह्या दोन्हींचा मेळ मला घालता आला नाही.

३. नसरापूरची खोली वेल्ह्याच्या खोऱ्यात नेमणूक होऊन येईल त्या नर्सला बिनभाड्याने राहायला द्यावी. गोरखने छत गळू देऊ नये. आमच्याकडची एक नर्सबाई राहायला धड जागा नाही म्हणून चार महिन्यांत निघून गेली. तिला नावे ठेवण्यात मीच पुढे होतो.

४. पत्र्याच्या पेटीत गेरूचा डबा व ब्रश आहे. तो कोणाला देऊ नये, माझ्याबरोबर जाळावा. याचे कारण लिहिणे भाग आहे.

हिवतापाच्या कामाचा नियम असा, की पंधरा दिवसांनी घरोघर जायचे, तापाचे विचारायचे, असेल त्याचे रक्त तपासायला घ्यायचे, गोळ्या द्यायच्या, आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने भेटीची तारीख घालून सही करायची. २००८ साली दोन जागा रिकाम्या होत्या, म्हणून तीन भाग माझ्या एकट्याच्या गळ्यात. पालीच्या पुढे डोंगरात अकरा घरांची वरली वाडी आहे. तेरा ऑगस्टला मी तिथे चढलो. भिंतींवर तेरा लिहिले, आणि त्याखाली सत्तावीसही लिहून टाकले, सहीसकट. पुढच्या खेपेला वर येणे जमणार नाही हे मला पक्के माहीत होते.

त्यातल्या एका घरच्या गीताबाईंना वाचता येत नाही. शेजाऱ्याने वाचून दाखवले, आणि त्यांना वाटले ही पुढच्या भेटीची तारीख. वाटणारच. चोवीसला त्यांची धाकटी लेक रत्ना तापली. अकरा वर्षांची होती. ओढ्याला पाणी होते. शेजारी म्हणाले, झोळी करून खाली नेऊ. गीताबाई म्हणाल्या, "भितीवर सत्तावीस लिवलीया. डाक्टर येत्यात. पोरीला पावसात कशाला हलवू?" तिथे मला डॉक्टर म्हणत. मी ते कधी खोडून काढले नाही. सत्तावीसला त्यांनी माझ्यासाठी चहाचे आधण ठेवले होते. मी त्या वेळी दुसऱ्या भागात होतो, तिथेही घरोघर ताप होता. अठ्ठावीसला झोळी निघाली. रत्ना पालीच्या अलीकडेच गेली.

चौकशी लागली. आदल्या दिवशी आमच्या खात्याच्या साहेबांनी (हयात आहेत, नाव लिहीत नाही) मला बोलावले. म्हणाले, "निगडे, तुम्हाला घरी बसवलं तर तीन भागांना माणूस कोण देणार? वर खुर्ची पाठवू?" ते खरे होते, आणि मी त्या खऱ्याच्या आडोशाला उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी वाडीवर चौकशीत गीताबाई म्हणाल्या, "ह्ये आलंच न्हाईत." साहेबांनी भिंतीकडे बोट केले, "मग ही सही कुणाची?" मला विचारले, गेला होतात? मी म्हणालो, हो. गीताबाईंची साक्ष दुःखाच्या भरात दिलेली म्हणून बाजूला ठेवली.

पुढे आठ वर्षे मी जीव तोडून काम केले. त्याने त्या "हो"चे काही झाले नाही.

एकदा वाडीवर गेलो तेव्हा गीताबाईंनी घर पांढरे केले होते, तारखा-सहीचा तेवढा चौकोन सोडून. मी म्हटले, पुसून टाका. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. तुमी आल्याचा पुरावा हाय त्यो." तेव्हापासून एसटीच्या तिकिटावर, औषधाच्या पाकिटावर २७ दिसला की मी नजर वळवतो. दिवाळीला मी स्वतः घर रंगवतो, तरी दाराशी ओल्या गेरूचा वास येतो. सुलक्षणाला येत नाही. मला भीती वाटते, हे आज लिहितो.

५. गीताबाईंना काही रक्कम द्यावी, व हे मृत्युपत्र माझ्या पश्चात त्यांच्या दारात सर्वांसमक्ष वाचावे.

(येथून पुढे हाताने लिहिले आहे.)

भोरच्या वकील शिवानीताईंनी वरचा मजकूर टाइप करून मला वाचून दाखवला. "माझ्या पश्चात" ऐकले आणि मी त्यांना थांबवले. गीताबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. म्हणजे त्यांनी पुन्हा माझी वाट बघत बसायचे. सही न करता कागद पिशवीत घातला. आज पालीपर्यंत आमच्या गावच्या बंडूच्या टेम्पोने आलो, पुढे त्याच्यासोबत पाच तास चढलो.

शेजारपाजार गोळा झाल्यावर सगळे वाचले. गीताबाई म्हणाल्या, "म्हंजी म्या खोटं न्हवते बोल्ले."

"नव्हता," मी म्हणालो.

"मग त्ये पैशाचं खोडा. त्या येळंला माजी साक्ष कुनी घेतली न्हाई. आता घ्या."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे शिवानीताईंनी सांगितले होते. म्हणून कलम पाच खोडले आहे. माफ केले का, हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. तारीख घालायला लागलो तर त्यांनी माझे मनगट धरले. "आज कंची हाय, त्ये आदी मोठ्यांदा सांगा." मी सांगितली. शेजारणीने मोबाईलवर बघून "व्हय" म्हटले, तेव्हा कुठे हात सोडला.

ठिकाण: वरली वाडी, गीताबाईंच्या घराची ओसरी
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५
सही: हनुमंत कोंडिबा निगडे

साक्षीदार
१. बंडू सखाराम सुर्वे, भोंगवली (सही)
२. गीताबाई भिमा कचरे, वरली वाडी (अंगठा). त्यांनी सांगितले तसे लिहिले: "हनुमंत निगडे आज आमच्या घरी आलं व्हतं. म्या बगितलं."