दीपमालाच्या सायकलला नवे टायर

१२ जून, गुरुवार
परतूरहून दोन टायर, दोन ट्यूब आणल्या. ट्यूबच्या खोक्यावर ‘टयुब’ छापलं आहे. एवढ्या मोठ्या कंपनीनं तरी लक्ष द्यावं.
दीपमालाला आष्टीच्या एका बालवाडीत शिकवायचं काम लागलं. सोमवारपासून. साडेसातला पोचायचं आणि आपल्या फाट्यावरून पहिली ॲपे रिक्षा सुटते नऊला. म्हणून तिची माहेरची सायकल तयार करायची. फाट्यावर सायकलचं दुकान आहे, पण तिथला माणूस पेचकसनं टायर चढवतो. ट्यूब चिमटते. मी स्वतः बसवणार. पहिलीच वेळ आहे, पण दोन व्हिडिओ पूर्ण पाहिले आहेत. शनिवारपर्यंत तयार, असं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली.

१३ जून
जुने टायर काढले. रिमच्या आत भयंकर घाण. एक काळी, चिकट रबरी पट्टी गोल फिरवून ठेवलेली सापडली. आधी कुणीतरी काढायला विसरलं असणार. फेकली. रिम ब्रशनं घासली, आतली तारांची टोकं चमकायला लागली. दुकानात हे कुणी केलं नसतं.

१५ जून, रविवार
पुढचं चाक बसलं! हवा भरली. दगडासारखं घट्ट. आईनंही दाबून पाहिलं.
नंतर लक्षात आलं, टायरवरचं कंपनीचं नाव हवा भरायच्या वॉलच्या समोर येत नाही. चार बोटं बाजूला आहे. व्हिडिओतल्या माणसाचं बरोबर समोर होतं. पुन्हा काढला. काढताना फुस्स झालं.
दीपमाला दारात होती. म्हणाली, अहो, चांगल्या बसलेल्या चाकाला काय झाल्तं? मी नीट समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं नसावं. पोळी करपत होती.

१६ जून
ती पायी गेली. सकाळचं चालणं तब्येतीला चांगलं असतं. मी पंक्चर काढून ठेवलं. संध्याकाळी दाखवतो.

१६ जून, संध्याकाळ
दाखवता आलं नाही. हवा गेली होती.

१९ जून
एक भोक बुजवलं की दुसरं. टायरमध्ये काटा नाही, खिळा नाही. तीनदा हात फिरवला. भोकं सगळी ट्यूबच्या आतल्या बाजूला. ट्यूबचा मालच हलका.
शेजारच्या अकबरबी भिंतीवरून बघतात. आज ट्यूबवरची ठिगळं बघून म्हणाल्या, क्या बेटा, सायकल बनारा के गोदडी सीरा? आई हसली. मीही हसलो. दीपमाला पायाला तेल लावत बसली होती, ती हसली नाही. थकते.

२१ जून, शनिवार
दीपमाला म्हणाली, फाट्यावर टाका ना सायकल, उद्या होऊन जाईल. मी म्हणालो, आता जरासंच राहिलं आहे. ती म्हणाली, लग्न झाल्यापास्नं तुमचं जरासंच राह्यलंय. बारावीचे दोन विषय जरासे, न्हाणीचं दार जरासं.
न्हाणीच्या दाराचा इथे काही संबंध नव्हता. मी वाद घातला नाही. फक्त बिजागऱ्या मिळत नाहीत एवढं सांगितलं.

२२ जून, रविवार
तिचा भाऊ संघपाल मोटरसायकल घेऊन आला. माहेराहून आष्टी निम्म्या अंतरावर, म्हणून ती थोडे दिवस तिकडून जाणार. संघपाल म्हणाला, दाजी, पाय बघा तिचे. मी बघितले होते.
एका दृष्टीनं बरंच झालं. सायकलचं काम शांतपणे करता येईल.
मोठी बॅग नेली. स्वेटरही नेला. जूनमध्ये. तिकडे विहिरीजवळ घर आहे, गारवा असेल.

२८ जून
फोन लागला. मी प्रगती सांगितली. तिनं आईची चौकशी केली आणि विचारलं, सायकल झाली का. म्हणजे लक्ष सगळं इकडेच आहे.

४ जुलै
फाट्यावर नवी ट्यूब घ्यायला गेलो. फक्त ट्यूब. दुकानदारानं विचारलं, रिमवर पट्टी टाकली का? म्हणालो, घाण होती, फेकली. त्यानं चहा पिणाऱ्या दोघांना हाक मारून मला पुन्हा सांगायला लावलं. मंग ताराच टोचून राह्यल्या ना भौ आतून, म्हणाला, ती पट्टी त्याच्यासाठीच असती.
पट्टी घेतली. व्हिडिओत हे सांगायला पाहिजे होतं.

६ जुलै, रविवार
दोन्ही चाकं झाली. कालपासून हवा आहे. मागच्या टायरचं नाव पुन्हा बाजूलाच आलं. बघितलं आणि हात खिशात घातले.
फोन केला. सायकल तयार, म्हणालो. ती म्हणाली, खरंच? फार दिवसांनी असा आवाज ऐकला. येत्या रविवारी येते म्हणाली.
न्हाणीचं दारही आठवडाभरात होईल. बिजागऱ्या परतूरला मिळतात.

१३ जुलै, रविवार
आईला वांगी भरायला सांगितली होती. दार राहिलं.
दीपमाला अकराच्या सुमारास आली, संघपालच्या मागे बसून. पाणी घेतलं. अंगठ्यानं दोन्ही चाकं दाबून पाहिली. म्हणाली, चांगली बसवली तुम्ही. नावाबद्दल काही बोलली नाही.
मी म्हणालो, बॅग कुठं आहे? ती म्हणाली, मी सायकल न्यायला आले. संघपाल गाडीचा आरसा पुसायला लागला. मी म्हणालो, पण ती इथून जायला तयार केली होती. ती हळूच म्हणाली, मला म्हायती आहे. मग आईच्या पाया पडली. आई म्हणाली, जेवून तरी जा माय. ती नको म्हणाली.
मी पंप कॅरियरला बांधून दिला. गाठ दोनदा सोडून बांधली. ती थांबून राहिली.
लग्नाला दोन वर्षं झाली, तिला सायकल चालवताना मी पाहिलं नव्हतं. एक पाय पेडलवर, दोन उड्या, आणि बसली. चांगली चालवते. पाठ सरळ ठेवते. रस्त्यावर कुणी नसताना घंटी वाजवली.
फाट्याच्या वळणापर्यंत मी मागच्या चाकाकडे बघत उभा होतो. हवा गेली तर ती उतरेल, असं वाटलं.
गेली नाही.